बाजूनं काढलेला चेहरा

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं १८८७ साली पॅरिसमध्ये केलेलं व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं पेस्टल मला व्हिन्सेंटच्या सगळ्या आत्मचित्रांहून जवळचं वाटतं. दोघांची ओळख चित्रकला शिकवणाऱ्या कॉर्मनच्या स्टुडिओतली. व्हिन्सेंट वयानं अकरा-एक वर्षांनी मोठा. पुठ्ठ्यावर तिरक्या, सुट्या रेघा, समोर ग्लास, आणि टेबलाशी पुढं झुकून बसलेला व्हिन्सेंट, एका बाजूनं. तो चित्रकाराकडं बघतच नाही.

पॅरिसच्या मुक्कामात व्हिन्सेंटनं वीसहून जास्त आत्मचित्रं केली. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून आरसा. पण आरशात माणूस स्वतःवर नजर रोखून असतो. दुसऱ्याच कशात गुंतलेलो असताना आपण कसे दिसतो, ते तिथं सापडत नाही. त्याला शेजारी बसलेला दुसरा चित्रकारच लागतो.

हे मला पटलं ते बेळगावात, अनगोळातल्या माझ्या मूर्तिकार मित्राचं चित्र काढताना. आधी त्याला स्टुलावर समोर बसवलं होतं. तो ताठ झाला. त्याला सगळंच कळत होतं: मी आता नाक मोजतोय, आता हनुवटीखालची सावली धरतोय. आपल्यातल्याच माणसापुढं बसणं फार अवघड असतं. शेवटी म्हणाला, "गणपती खोळंबलेत रे, मी कामाला लागतो. तू काढ की तिकडं बसून."

तो डोळ्यांच्या आखणीला बसला आणि मला माझा माणूस मिळाला. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली. बुबुळाची रेघ ओढताना खालचा ओठ दातांत धरलेला, रेघ पुरी झाली की मग श्वास. मानेची शीर तेवढ्यापुरती ताणलेली. मी कोळशानं भराभर काढत गेलो. शर्ट, पाट, मागच्या शाडूच्या मूर्ती नुसत्या सुचवल्या.

चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या या गावात व्यक्तिचित्र म्हटलं की आधी साम्य बघतात, आणि ते बघावंच. रवी परांजपेंसारखा विद्यार्थी त्याच शिस्तीतून घडला. पण साम्य आलं तरी त्या माणसाचं काम चित्रात यायचं राहून जातं, असं मला फार वाटतं.

कागद दाखवला तर मित्र बराच वेळ बघत राहिला. "ओठ असा धरतो होय मी?" एवढंच विचारलं. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "रोजच की."

चतुर्थीची गडबड सरली की तो माझं काढणार आहे. कुठं बसू, ते त्यालाच ठरवू दे.