दसऱ्याची यादी, आखाजीची यादी आणि सुटकेनंतरचा पहिला दिवस

मुले पळवणारी टोळी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे अनोळखी माणसे आणि पांढरी गाडी येते. या समजुतीने खानदेशात जीव घेतले आहेत. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात केवळ अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते.

प्रत्यक्षात मूल जाते ते दिवसाढवळ्या, ओळखीच्या माणसाबरोबर आणि बहुतेकदा घरच्यांच्या होकाराने. मजूर नेणारा मुकादम, नात्यातली मावशी, आधी तिकडे काम करून आलेली शेजारीण. म्हणून रस्त्यावर पाळत ठेवण्यापेक्षा गावात दोन याद्या वेळेवर झालेल्या बऱ्या.

पहिली यादी दसऱ्याआधी. नंदुरबार, नवापूर, साक्री, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यात पावसाळ्यातच ऊसतोडीची उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाटली जाते आणि दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या बारडोली, सुरतकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर निघतात. मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे जोडपे. पण जोडप्यामागे बारा-तेरा वर्षांची मुलगी जाते ती धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, वाढे म्हणजे उसाचे शेंडे बांधायला. हिशेबात तिचे नाव कुठेच नसते, त्यामुळे ती हरवली तरी कारखान्याच्या लेखी कोणी हरवलेले नसते. दुसरी यादी आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी. जळगाव-धुळ्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचे, साल आखाजीला ठरते, तेव्हाच दहा-बारा वर्षांचे पोर गुरांमागे किंवा मेंढ्यांमागे ठेवले जाते. शाळेला सुट्टी लागलेली असते, लग्नसराई असते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकायलाही हाच मुहूर्त धरतात.

यादी कोणी करायची? गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा. बऱ्याच ठिकाणी ही समिती फलकावरच असते, पण सेविका आणि मुख्याध्यापक एकत्र बसले तरी काम होते. रकाने थोडेच ठेवा: मुलाचे नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक, कोणाबरोबर जाणार, मुकादमाचे नाव आणि मोबाइल, गाडीचा नंबर, कारखाना किंवा भट्टीचे गाव, परत कधी येणार. गाडीचा नंबर आणि मुकादमाचा मोबाइल एवढे दोनच रकाने भरले तरी पुढे पोलिसांचा तपास आठवड्याने लवकर सुरू होतो. यादीची एक प्रत पोलीस पाटलाकडे द्या. मुकादमाला ती दाखवायलाही हरकत नाही. आपला नंबर लिहिलेला आहे हे कळल्यावर माणूस जरा जपून वागतो.

जाणाऱ्या मुलांना मागे ठेवायची सोय म्हणजे हंगामी वसतिगृह. त्याचा प्रस्ताव टोळी निघण्याआधी मंजूर झाला तरच त्याचा उपयोग. टोळ्या गेल्यावर डिसेंबरात सुरू होणाऱ्या वसतिगृहात कोण राहणार, हे कोणीतरी एकदा विचारायला हवे. मूल जाणारच असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला थेट बसवता येते.

लग्नाचा व्यवहार ओळखणे जास्त अवघड. भिल्ल-पावरा समाजात देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत आहे. ती पंचांसमोर ठरते, दोन्ही गावे एकमेकांना ओळखतात, मुलगी सासरी नांदते आणि होळीला माहेरी येते. दलाल या रीतीच्या आडून व्यवहार करतो. नवरा दुसऱ्या राज्यातला, बरोबर वडीलधारे कोणी नाही, दोन-तीन दिवसांत लग्न, तेही तालुक्याच्या गावी एखाद्या मंदिरात किंवा लॉजवर, आणि मधल्या बाईच्या हातात ‘खर्चाचे’ रोख पैसे. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी थांबा. नवऱ्याच्या ग्रामपंचायतीला फोन करा, त्याच्या गावच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोला. खरे स्थळ असेल तर एवढ्याने मोडत नाही. उलट दिशेचा व्यवहारही होतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेच्या आत होत्या. ते मुलगे आता लग्नाच्या वयाला येऊ लागले आहेत, आणि पैसे देऊन बाहेरून आणलेल्या नवरीचे वय कोणी विचारत नाही.

मुलगी १८ च्या आतली असेल तर ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. आता त्याचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. लग्न होऊन गेले तरी वाट बंद होत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फसवून, पळवून किंवा विकून लावलेले अल्पवयीनाचे लग्न मुळातच रद्द ठरते. ‘आता ती त्यांची सून झाली’ असे चौकीत कोणी म्हणाले तर हे कलम पुढे करा.

मूल बेपत्ता असेल तर ठाण्यात नुसती ‘मिसिंग’ नोंदवून परतू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितले आहे की १८ खालचे मूल हरवले तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो. घटना गुजरातच्या हद्दीत घडली असली तरी नंदुरबारला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेऊनच बाहेर पडा. जाताना अलीकडचा फोटो, शाळेचा उतारा, शेवटचा फोन ज्या नंबरवरून आला तो नंबर आणि यादीतली ती ओळ बरोबर घ्या.

वयाच्या कागदावर सगळ्यात जास्त खटले अडकतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. या क्रमात आधार कार्ड नाही. दलाल मात्र आधारवर वय वाढवून ठेवतात आणि तेच दाखवतात. हाडांच्या तपासणीत वय नेमके कळत नाही, एक-दोन वर्षे इकडेतिकडे होतात आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो. म्हणून पहिल्याच दिवशी शाळेत माणूस पाठवून जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा आणा. डोंगरातल्या शाळांत अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते. वकील त्यावर बोट ठेवणारच, तेव्हा अंगणवाडीची नोंद आणि लसीकरणाचे कार्डही जोडा.

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, नंदुरबार या स्टेशनांवर संशय आला तर १३९ किंवा १०९८ ला फोन करा, शेजारी रेल्वे पोलिसांची चौकी असतेच. स्वतः मुलाला ओढून घेऊ नका, जमाव गोळा करू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला मदरशात निघालेली बिहारची ५९ मुले उतरवून घेतली आणि बरोबरच्या शिक्षकांना अटक झाली. पुढे तस्करीचा पुरावा न निघाल्याने पोलिसांनी प्रकरण बंद केले. तोवर शिक्षक तुरुंगात आणि मुले बालगृहात राहून आली होती. टोपी आणि भाषा पाहून संशय घ्यायचा नसतो. मुलाला आपण कुठे चाललोय हे ठाऊक नाही, सगळ्यांची तिकिटे आणि आधार एकाच माणसाच्या खिशात, साधा प्रश्न विचारला तरी मूल आधी त्याच्याकडे बघते, या खुणा खऱ्या.

मूल सापडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीसमोर न्यायचे असते. बैठक नसेल तर समितीच्या एका सदस्यासमोरही चालते, त्यामुळे ‘सोमवारी आणा’ हे उत्तर मान्य करू नका. ‘मी मामा आहे’ म्हणणाऱ्याच्या ताब्यात ठाण्यातूनच मूल देऊन टाकणे ही नेहमी होणारी चूक, आणि तो मामा बऱ्याचदा मुकादमाचाच माणूस असतो. घरी पाठवायचे की नाही हे समितीने घरची सामाजिक तपासणी करून ठरवायचे. उचल कोणी घेतली, किती घेतली, फिटली का, हे त्या अहवालात हवेच. आईबापांची फसवणूक झाली असेल तर मूल शक्य तितक्या लवकर घरी जावे, बालगृह हा शेवटचा उपाय. आईबापांनीच पैसे घेतले असतील आणि कर्ज तसेच असेल, तर पुढच्या दसऱ्याला तेच पोर पुन्हा गाडीत बसते.

बोलण्याआधी जेवण, पाणी, झोप. मुलगी पावरी, भिली किंवा मावची बोलणारी असेल तर दुभाषी मागा, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात तशी तरतूद आहे. दुभाषी त्याच पाड्यातला नको. जबाब गणवेश न घातलेल्या महिला अधिकाऱ्याने, मुलीला सोयीच्या जागी घ्यायचा. ‘तुला कोणी त्रास दिला का’ असे सुचवणारे प्रश्न टाळा, ‘सकाळी उठल्यापासून काय काय करायचीस’ असे विचारा. तेच तेच पाच जणांनी पाच वेळा विचारले की उत्तरांत फरक पडतो आणि कोर्टात तो फरक खोटेपणा ठरवला जातो. अत्याचार झाला असेल तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठला तर एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळण्याची औषधे देता येतात. उशीर झाला तरी तपासणी होतेच, आणि एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी येते. नाव, फोटो, शाळा काहीच बाहेर जाऊ द्यायचे नाही. ‘धडगाव तालुक्यातल्या अमुक पाड्यातली सातवीतली मुलगी’ एवढे बातमीत आले तरी तिची ओळख फुटली.

ऊसतोड किंवा भट्टीवरून सुटका झाली असेल तर वेठबिगारीचे मुक्तता प्रमाणपत्र मागा. यावर ठाण्यात तडजोड होते, ‘अर्धी उचल परत करा आणि जा’. १९७६ च्या कायद्याप्रमाणे अशी उचल फेडण्याची जबाबदारीच संपते. जिथे सुटका झाली तिथल्या जिल्हा प्रशासनाने प्रमाणपत्र द्यायचे, नुसते गाडीत बसवून घरी पाठवले की ते कायमचे राहते. प्रमाणपत्रावर तातडीची ३० हजारांपर्यंत मदत मिळते, आणि पुढे पुरुषाला १ लाख, स्त्री व मुलांना २ लाख, लैंगिक शोषणासाठी तस्करी झाल्याच्या प्रकरणांत ३ लाखांपर्यंत. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्याने तिच्या भरवशावर घर चालवता येत नाही. त्या मधल्या काळासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिना ४ हजारांचे प्रायोजकत्व किंवा राज्याची बालसंगोपन योजना, यांचे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात सुटकेच्याच महिन्यात द्या. लैंगिक अत्याचार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा अर्ज, त्यांचा फोन १५१००.

घरी आल्यावर मुलीला तिच्या वयाच्या वर्गात वर्षाच्या मध्येही घ्यावेच लागते. गावात राहणे जड जात असेल तर आश्रमशाळा किंवा कस्तुरबा गांधी विद्यालय बघा. दोन गोष्टी हमखास येतात. घरचे घाईने लग्न लावायला बघतात, आणि मुकादमाकडचा कोणीतरी ‘आपसात मिटवा’ म्हणत येतो. मानवी तस्करीचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. धमकीचा फोन आला तर तारीख आणि नंबर वहीत लिहून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या.

खटला सुरतला चालू असेल तर साक्षीसाठी खेपा घालण्यापूर्वी सरकारी वकिलामार्फत नंदुरबार न्यायालयातून व्हिडिओद्वारे साक्षीची मागणी करा. जावेच लागले तर खटल्यात मुलीला साथ देणारी सहायक व्यक्ती बरोबर न्या, ती बाल कल्याण समितीने आधीच नेमून दिलेली असावी. न्यायालयात आरोपी मुलीसमोर येणार नाही, मध्ये पडदा असेल, हे सरकारी वकिलाकडून आदल्या दिवशी नक्की करून घ्या, आणि प्रवासखर्चाचा अर्ज त्याच दिवशी न्यायालयात द्या.