यूजलेस आणि यूजलेस ॲट

परवा नववीच्या बॅचच्या वह्या तपासत होते. 'माझ्याबद्दल दहा वाक्यं' असा साधा होमवर्क होता, नाव, गाव, आवडता खेळ वगैरे, आणि एका पोराने सातव्या नंबरला लिहिलेलं, आय ॲम यूजलेस बॉय. मी काय केलं माहितीये? लाल पेनने ॲम आणि यूजलेसच्या मधे एक 'अ' घातला. आर्टिकल राहिलं होतं ना. दहापैकी सहा मार्क दिले, सही केली, वही ढिगावर ठेवली आणि पुढची उघडली. अजून दोन वह्या झाल्यावर एकदम लक्षात आलं आपण काय करून बसलो ते. चौदा वर्षांचं पोर स्वतःला बिनकामाचा म्हणतंय आणि मी त्याचं ते म्हणणं व्याकरणात बसवून देतेय. रात्री झोप नाही आली मला.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर त्याला थांबवलं, विचारलं हा शब्द कुठनं आणलास रे, तर म्हणाला घरी म्हणतात की मॅडम. बास, एवढंच. चेहऱ्यावर काही नाही, जसं काय मी त्याचा रोल नंबर विचारला.

बघा ना, घरात पोराला नालायक म्हटलं की निदान आजी तरी मधे पडते, अरे असं तोंड भरून काय बोलतोस म्हणते. पण यूजलेस म्हटलं की कोणी काही बोलत नाही, कारण इंग्रजीतली शिवी आपल्याला शिवी वाटतच नाही, उलट जरा सुशिक्षित वाटते. पोराला मात्र ती बरोबर लागते.

आणि मला राग याचा येतो की इंग्रजीत हा शब्द वापरायची एक चांगली रीत आहे, ती आपण घेतलीच नाही. इंग्रज माणूस सहज म्हणतो, आय ॲम यूजलेस ॲट कुकिंग. म्हणजे काय, तर मला स्वयंपाक जमत नाही, संपलं. तो 'ॲट' फार मोठं काम करतो, तो शब्दाला कुंपण घालतो, एवढ्याच बाबतीत हं, बाकी माणूस ठीक आहे. होपलेसचंही तसंच, होपलेस ॲट मॅथ्स. आपण ॲट काढून टाकला आणि नुसता यूजलेस पोराच्या कपाळावर चिकटवला.

त्या आठवड्यात मग मी धडा बाजूला ठेवला आणि हे शब्दच शिकवले. अनेबल म्हणजे आत्ता जमत नाहीये, ताप आलाय म्हणून शाळेत येऊ शकत नाही, अर्जात लिहितो ना तो. इनेफिशियंट म्हणजे काम होतं पण वेळ नाहीतर डिझेल फुकट जातं. इनेफेक्टिव्ह म्हणजे औषध घेतलं आणि गुणच आला नाही. इन्कॉम्पिटंट ऐकायला केवढा वाईट वाटतो, पण 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 11 प्रमाणे अठराच्या आतलं कोणीही करार करायला कॉम्पिटंट नाही, म्हणजे माझी अख्खी नववीची बॅच कायद्याने इन्कॉम्पिटंट, त्यात कुणाचा अपमान नाही. हे सांगितल्यावर पोरं हसली, तोसुद्धा हसला. इनेप्ट म्हणजे मुळात लॅटिनमधे 'न जुळणारा', चुकीच्या खाचेत घातलेल्या खुंटीसारखा. आणि फ्यूटाइल, हा माझा आवडता, ह्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ गळकं भांडं, ज्यातनं सगळं वाहून जातं. आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी, त्यांच्याकडे गळका घडा.

पण सगळेच शब्द असे गोड नाहीत आणि ते पण मी सांगितलं, कारण पोरं एकमेकांना दिवसभर मोरॉन म्हणतात. मोरॉन ही शिवी म्हणून जन्मलेलीच नाही. 1910 मधे हेन्री गोडार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरनं तो बनवला, ज्यांचं मानसिक वय 8 ते 12 भरतं अशा मोठ्या माणसांसाठी, त्याच्याखाली इम्बेसाइल, सगळ्यात खाली इडियट. डॉक्टरी शब्द होते हे, फॉर्मवर लिहायचे. आणि एकदा फॉर्मवर आले की माणसाचं काय होतं ते कॅरी बकच्या बाबतीत दिसतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली गरीब मुलगी, तिला, तिच्या आईला आणि तिच्या तान्ह्या पोरीला मंदबुद्धी ठरवलं, आणि तिची नसबंदी करायची का यावर केस थेट सुप्रीम कोर्टात गेली. 1927 मधे कोर्टाने आठ विरुद्ध एक अशी परवानगी दिली, आणि न्यायमूर्ती होम्सनी निकालात लिहिलं की इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. ती तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन. ती पुढे शाळेत गेली आणि एकदा चांगल्या मार्कांमुळे तिचं नाव ऑनर रोलवर लागलं. आठव्या वर्षी आजारपणात गेली बिचारी. मला हे सांगताना वर्गात आवाज जड झाला, लपवत नाही मी.

आपल्याकडच्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातही 1995 साली मेंटल रिटार्डेशन हाच शब्द होता, 2016 च्या कायद्यात तो जाऊन इंटलेक्च्युअल डिसेबिलिटी आला. कोणी म्हणतं नुसता शब्द बदलून काय होतं. रिटार्डेड आहे म्हणणं आणि अमुक एक अक्षमता आहे म्हणणं यात मला तरी फार अंतर वाटतं, पुन्हा तेच, त्या 'ॲट'चंच.

शेवटी इनर्ट घेतला, सायन्समधे इनर्ट गॅस असतो म्हणून. लॅटिनमधे इनर्ट म्हणजे ज्याच्या हातात कसब नाही असा. आणि त्यातला आर्गॉन 1894 मधे सापडला तेव्हा कशाशीच रिॲक्ट होईना म्हणून त्याला ग्रीकमधलं आळशी, बिनकामाचा अशा अर्थाचं नाव दिलं. एवढं बोलले तर तोच पोरगा मागच्या बाकावरनं म्हणाला, मॅडम आमच्या दादाच्या वर्कशॉपला आर्गॉनच असतो. चुलतभाऊ स्टीलच्या रेलिंगचं काम करतो त्याचा, पाटीवर लिहिलेलंच आहे, येथे आर्गॉन वेल्डिंग करून मिळेल. मग मी खडू ठेवला आणि त्यालाच म्हटलं सांग बाबा कसं असतं ते. तो उभा राहून सांगायला लागला, सिलिंडरची नळी टॉर्चला जोडलेली असते, गॅस त्या तापलेल्या जागेवर सोडतात म्हणजे हवा लागत नाही, हवा लागली की जोड काळा पडतो आणि त्यात बारीक बारीक भोकं राहतात, मग तो पाण्याला टिकत नाही. सिलिंडर संपलं की दादा काम बंद ठेवतो, घाई केली तर सगळं घासून परत करावं लागतं म्हणे. पाच मिनिटं बोलला असेल, हाताने टॉर्च धरल्यासारखं करत करत, आणि मला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

काल त्याला सातवं वाक्य परत लिहायला दिलं. लिहिलं, आय ॲम यूजलेस ॲट स्पेलिंग. स्पेलिंगमधे एक एल कमी होता, तेवढा मी घातला.