गोल काढला, अंडं झालं

मागच्या एप्रिलमध्ये लॅपटॉपवर चित्रं काढायला पेन टॅबलेट घेतला, तोही बिनस्क्रीनचा. म्हणजे काळी पाटीच. पेन चालवायचा पाटीवर आणि बघायचं लॅपटॉपकडं. स्क्रीनवाला खिशाला झेपणारा नव्हता. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, त्यामुळं आपल्याला हात आहे असा माझा समज होता. तो पहिल्या दहा मिनिटांत गेला.

सुरुवात गोलापासून केली. भाकरी गोल थापता येते तर गोल काढायला काय लागतं? पण स्क्रीनवर अंडं उमटलं, तेही आडवं पडलेलं. पुन्हा काढला, पुन्हा अंडं. तीन संध्याकाळी मी नुसती अंडी घातली. आप्पा शेजारी खुर्ची टाकून शेंगा फोडत बसायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादर कारखान्यांसाठी त्यांनी पस्तीस वर्षं ग्राफवर नक्षी काढली. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण नजर तीच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात नाही गं चुकत तुझा. हात चुकला असता तर रोज वेगळं चुकलं असतं. हे रोज एकाच बाजूला फुगतंय. माप बघ की."

त्यांच्या धंद्यातली गोष्ट होती ती. कापडात उभे धागे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात. साध्या चौकोनी ग्राफवर गोल फूल काढलं तर विणल्यावर ते एका बाजूनं दबतं. म्हणून धाग्यांच्या प्रमाणात लांबट चौकोनांचा ग्राफ घ्यायचा. कागदावर फूल वेडंवाकडं दिसलं तरी चादरीत गोल येतं.

मी माप बघितलं. पाटीचा चालणारा भाग 10 इंच बाय सव्वासहा, म्हणजे 16:10. लॅपटॉपचा पडदा 16:9. पाटीचे चार कोपरे पडद्याच्या चार कोपऱ्यांना बांधलेले, त्यामुळं प्रत्येक गोल आडवा अकरा टक्के ताणला जात होता. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण सारखं ठेवायचा एक बारका चौकोन असतो. त्यावर टिक केली. पाटीचा अर्ध्या इंचाहून थोडा जास्त पट्टा वाया गेला आणि अंड्याचा गोल झाला. आप्पांनी पुढची शेंग फोडली.

मग दाबाचं दुखणं. डब्यावर 8192 पातळ्या छापलेल्या. हलकं टेकवलं की केसासारखी रेघ, दाबलं की जाड, असं व्हायला पाहिजे. माझी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्केचपेनची. एका दुकानात दाखवलं तर "पेन गेलाय, नवीन घ्या," म्हणाले. पेनात जाण्यासारखं फार काही नसतं हे मला नंतर कळलं. त्यात सेलसुद्धा नाही. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून चुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातलं वेटोळं त्यावर चालतं आणि टोकावर किती दाब पडला ते परत कळवतं.

खरा घोळ लॅपटॉपमध्ये होता. आधी आठवडाभर भाच्याचा जुना टॅबलेट वापरून बघितला होता. त्याचा ड्रायव्हर तसाच पडून होता आणि दोन ड्रायव्हर एकमेकांच्या पायात पाय घालत होते. दोन्ही काढले, लॅपटॉप बंद करून चालू केला, नवीन एकच टाकला. तरी रेघ तशीच! मी चित्रं काढते कृता या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब की विंडोज इंक असा पर्याय असतो; पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायचे हे दोन मार्ग. माझ्याकडं विनटॅब होतं, ते इंक केलं. कुणाकडं उलटं करून जमेल. तिथंच टॅबलेट टेस्टर आहे. पेन टेकवला की दाबाचे आकडे दिसतात. ते आकडे पहिल्यांदा वरखाली हलताना बघून मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, इतकं बरं वाटलं.

त्यातही माझा हात हलका. जाड रेघेसाठी मनगट दुखेपर्यंत दाबावं लागायचं. सेटिंगमध्ये दाबाच्या आलेखाची एक कमान असते, ती मधून वर उचलली की थोड्या दाबातही रेघ भरते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर आठवडाभर आयोडेक्स लागलं नसतं.

हात बघायचा नाही, पडदा बघायचा, ही सवय लागायला पंधरा-वीस दिवस गेले. पाटी जरा तिरकी असली की सरळ रेघसुद्धा उतरणीला लागते. म्हणून ती अगदी समोर, पडद्याला समांतर ठेवायची. त्यात सोलापूरचा मे महिना. तळहात घामानं पाटीला चिकटायचा आणि रेघ मधेच अडखळायची. जुन्या सुती मोज्याचा तुकडा कापून करंगळीच्या बाजूला चढवला. बाजारात यासाठी दोन बोटांचा हातमोजा मिळतो म्हणे. मोजा चालतोय.

जूनमध्ये चादरीसारखी नक्षी करायला घेतली. कृतामध्ये डब्ल्यूचं बटण दाबलं की चित्र चारी बाजूंनी स्वतःलाच जोडलं जातं. उजवीकडून बाहेर गेलेलं पान डावीकडून आत येतं. मी कौतुकानं आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मधे रस्ता पडलाय." मला दिसेना. लॅपटॉप लांब ठेवून दाखवला तेव्हा दिसलं. दोन वेलींच्या मधली मोकळी जागा ओळीत येऊन सगळ्या नक्षीभर पांढरा पट्टा पडला होता.

"किती हुकांची आहे ही?" त्यांनी विचारलं. मग 400 पिक्सेल रुंदीचा नवा कागद उघडला, एक पिक्सेल म्हणजे एक हूक. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावरच्या यंत्रावर, चौकोन भरला की हूक उभा धागा उचलणार, रिकामा असला की नाही; ग्राफच्या एका आडव्या ओळीचं एक भोकांचं कार्ड. पिक्सेलचा ब्रश निवडून पेन त्यांच्या हातात दिला. खाली बघून, वर बघून, दोनदा पाटीबाहेर जाऊन शेवटी त्यांनी एक पाकळी भरली. पण एकेका चौकोनावर असा पेन दाबायचे की टेबल हलायचं.

"आप्पा, दाबू नका. या ब्रशला दाब कळतच नाही."

"त्याला कळत नसेल," ते म्हणाले, "चौकोन भरला हे मला कळायला नको का?"

डबीत जादा निबा दहा होत्या. सात उरल्यात.