आधी काय पोचतं, यान की निरोप?

विज्ञानकथेच्या कॅम्पेनसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या आणि अनेक सेशन (बैठका) चालणाऱ्या खेळासाठी, जग रचायला बसलं की वही आकाशगंगेच्या इतिहासानेच भरते. साम्राज्यं, महायुद्धं, परग्रहवासीयांच्या अकरा जमाती. टेबलावर त्यातलं फारसं काही येत नाही. त्यापेक्षा दोन आकडे आधी ठरवा: यान किती दिवसांत पोचतं आणि निरोप किती वेळात.

निरोप झटक्यात पोचत असेल, तर चोरी करून पळालेले खेळाडू पुढच्या बंदरावर उतरण्याआधीच तिथे त्यांचे फोटो लागलेले असतात. निरोप यानानेच न्यावा लागत असेल, तर प्रत्येक बंदरावरची बातमी शिळी. आणि शिळी बातमी म्हणजे जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हातात आयतं कथानक. १९७७ सालच्या 'ट्रॅव्हलर' या खेळात हीच युक्ती आहे. ताऱ्यांमधली एक उडी साधारण आठवड्याची, आणि यानाच्या पुढे बातमी जाऊच शकत नाही. त्यातला नकाशा ८ बाय १० षटकोनी चौकटींचा, दर चौकटीला एक फासा, ४ किंवा जास्त पडले तर तिथे एक जग. म्हणजे चाळीसेक जगं होतात. पहिल्या कॅम्पेनला ती फार झाली, सहा पुरतात.

सहाच हवीत तर आपली सूर्यमाला बरी. नावं सगळ्यांना माहीत असतात. पृथ्वीहून मंगळाला निरोप जायला ३ ते २२ मिनिटं, गुरूला अर्ध्या तासाहून जास्त. म्हणजे गप्पा होत नाहीत, पत्रं होतात.

प्रवासासाठी मात्र एक थाप मारावीच लागते, कारण कमीत कमी इंधनात मंगळाला जायला आठेक महिने लागतात. थाप अशी: इंजिन अर्ध्या वाटेपर्यंत १ जीने (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने) ढकलतं, मग यान उलटं फिरून तेवढाच ब्रेक लावतं. १५ कोटी किलोमीटर तीन दिवसांत होतात. अंतर पाचपट झालं तरी वेळ सव्वादोनपटच वाढतो, त्यामुळे गुरूसुद्धा आठवड्याच्या आत येतो आणि 'दूरवरची वसाहत' ही कल्पनाच मोडते. एकाकीपणा हवा असेल तर जोर शंभरावा भाग करा: सगळे प्रवास बरोब्बर दसपट लांबतात.

आणखी एक खोच. १ जीच्या त्या तीन दिवसांच्या प्रवासात अर्ध्या वाटेवर वेग सेकंदाला १२०० किलोमीटर असतो. तिसऱ्या-चौथ्या सेशनला कोणीतरी विचारणारच: 'यानच शहरावर आदळलं तर?' उत्तर तयार ठेवा. उदाहरणार्थ, बंदराच्या ठरावीक अंतरात इंजिनाचा ताबा बंदराकडे जातो. मग तो ताबा कोणाकडे, यावरच एक साहस उभं राहतं.

जगं कार्डांवर लिहा, दर कार्डाला चारच ओळी: काय भरपूर आहे, काय नाही, हवेचा दरवाजा कोणाच्या हातात, कोण चिडलंय. चंद्राचं कार्ड बघा. दगडांत वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन, पण नायट्रोजन जवळपास नाही, आणि नायट्रोजनशिवाय पीक येत नाही. शनीचा चंद्र टायटन, त्याची हवा मात्र बहुतांशी नायट्रोजनच. तिथून येणारा टँकर उशिरा येतोय, बागायतदारांनी साठा लपवलाय, टाक्यांच्या किल्ल्या बंदरप्रमुखाकडे. इतिहासाचं एक पान न लिहिता तीन सेशन निघतात. दोन कार्डं मुद्दाम कोरी ठेवा. ती खेळाडूंच्या पात्रांची गावं.

पैशांत गाडं अडतं ते यानापाशी. यान फुकट दिलं की खेळाडू ते विकून मोकळे होतात किंवा बंदरातून हलतच नाहीत. ते कर्जावर द्या, आणि एका कामाची कमाई महिन्याच्या हप्त्याला थोडी कमी पडेल अशी ठेवा. फारच कमी ठेवलीत तर मात्र दर सेशन हिशेबाच्या वहीत जाईल, आणि इंधनाची टाकी कोण मोजणार यावर टेबलावर खरीखुरी भांडणं होतील. इंधन मोजूच नका: एक प्रवास, एक टाकी, एक ठरलेली रक्कम.