निळा की काळा? सुपरहिरो स्टॅच्यूच्या रंगकामाबद्दल थोडं

बॅटमॅनचा नवा स्टॅच्यू जाहीर झाला की संग्राहकांमध्ये वाद ठरलेला: केप निळी हवी की काळी? दोन्ही बाजू कॉमिकचाच दाखला देतात आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं. जुन्या छपाईत काळं कापड नुसतं काळं छापलं तर घड्या दिसेनात, म्हणून उजेडाची बाजू निळ्याने दाखवत. हळूहळू तो निळा पसरत गेला आणि वाचकांच्या डोक्यात केपच निळी झाली. १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनच्या पोशाखातल्या निळ्याचीही कथा अशीच. हल्क तर मे १९६२च्या पहिल्या अंकात राखाडी होता. छपाईत तो राखाडी एकसारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. ज्याला आपण ‘मूळ रंग’ म्हणतो, तो बऱ्याचदा छापखान्याने काढलेला तोडगा असतो.

कागदावर चमक रंगवावी लागते. स्टॅच्यूवर ती खोलीतला दिवा देतो. त्यामुळे रंगाऱ्याने आधी एक बाजू घ्यायला हवी. एकतर छापील चित्र उभं करायचं, म्हणजे सपाट रंग, काळ्या रेषा, निळा तो निळाच. नाहीतर खरं कापड, खरी कातडी. दोन्ही चालतं, घोळ मधल्या वाटेवर होतो. गडद निळ्या केपवर घड्यांत काळा वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) मारला आणि वर पुन्हा फिकट निळ्याचा एअरब्रश (हवेने रंग फवारणारं यंत्र) फिरवला की केप विटलेली दिसते. रंगवलेला उजेड वरून येतोय आणि कपाटातला दिवा बाजूने, मग डोळ्याला खटकणारच.

सगळ्यात जास्त घात पिवळ्याचा होतो. वुल्व्हरिनचा पिवळा पोशाख घ्या. पिवळा खालचा रंग झाकत नाही, त्यामुळे राखाडी प्रायमरवर (रंगाआधीच्या पायाच्या थरावर) तो मळकट दिसतो. मग थरावर थर चढतात आणि शिवणी, सुरकुत्या बुजतात. पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी थरावर पातळ पिवळा मारला तर दोन-तीन हातांत काम होतं. सावलीला नारिंगी-तपकिरी वॉश हवा. काळा वापरला की पिवळा शेवाळी दिसू लागतो, आणि ‘पोशाख हिरवट आलाय’ अशी तक्रार येते ती इथूनच. लाल रंगाचा त्रास उलटा: उजळ करायला पांढरा मिसळला की सुपरमॅनची केप गुलाबी होते. तिथे नारिंगी घ्यायचा आणि सावलीला मरून.

कातडीबाबत माझं मत जरा कडक आहे. सहा फुटी माणूस १/४ मापात साधारण ४६ सेंमी येतो, १/६ मापात ३० सेंमी. लहान मापात सावल्या थोड्या ठसठशीत लागतात, नाहीतर चेहरा सपाट दिसतो. पण १/४ मध्ये तितक्याच गडद सावल्या दिल्या की वीर कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखा दिसतो. मोठ्या मापावर लालसर, निळसर, पिवळसर असे अगदी पातळ ठिपके एकमेकांवर हवेत, गालाला आणि कानाच्या पाळीला किंचित लाली.

प्री-ऑर्डरचे फोटो बहुतेक वेळा हाताने रंगवलेल्या प्रोटोटाइपचे असतात. कारखान्यात तेच काम स्टेन्सिल, एअरब्रश आणि अनेक हातांमधून होतं, म्हणून एकाच बॅचमधले दोन नग सारखे निघत नाहीत. नग हातात आल्यावर आधी डोळे बघा. बुबुळं एका दिशेला बघतायत का? डोळे अनेकदा पॅड प्रिंटिंगने (मऊ सिलिकॉनच्या ठशाने) छापतात आणि छाप अर्धा मिलिमीटर सरकली तरी नजर तिरळी होते. मग दोन रंगांच्या सीमा तपासा: पट्टा, हातमोज्याची कड, छातीवरचं चिन्ह. स्टेन्सिल नीट बसली नसेल तर कडेला धुरकट फवारा दिसतो. शेवटी टॉर्च आडवी धरून साच्याची रेघ (साच्याचे भाग जुळतात तिथली) शोधा; समोरून न दिसणारी रेघ आडव्या उजेडात लगेच सापडते.

चकाकीकडे फार कमी जण बघतात. कातडी मॅट (बिनचमकीची), चामडं सॅटिन (मंद चमकीचं), धातू आणि डोळे ग्लॉस (चकचकीत) एवढं पाळलं तर साधं रंगकामही जिवंत दिसतं. सगळ्यावर एकच ग्लॉस मारला की पॉलिस्टोनचा (रेझिन आणि दगडाच्या भुकटीचा) महागडा नगही प्लॅस्टिकचं खेळणं वाटतो.

टवका उडाला तर परत पाठवण्याआधी विचार करा, कारण प्रवासात दुसरं काही मोडू शकतं. छोटा टवका घरी भरता येतो. डिश सोपच्या एका थेंबाच्या पाण्यात कापूस-काडी बुडवून, पिळून जागा पुसा. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, आजूबाजूचा रंगही उठेल. अ‍ॅक्रिलिक रंग सुकल्यावर बहुधा किंचित गडद होतो, म्हणून कागदावर लावून, पूर्ण सुकवून मगच जुळवा. दुधाइतका पातळ करून ००० नंबरच्या ब्रशने दोन-तीन हात द्या, फक्त खड्ड्यात. कडेबाहेर गेलात की डाग मूळ टवक्यापेक्षा मोठा होतो. छटा जुळूनही जागा ओळखू येत असेल तर दोष चकाकीचा असतो. तेवढ्यावर योग्य वॉर्निशचा ठिपका द्या.

बोट किंवा केपचं टोक तुटलं तर सुपरग्लू टाचणीच्या टोकाएवढाच. जास्त झाला तर त्याच्या वाफेने भोवताली पांढरट धुकं बसतं आणि गडद रंगावर ते ठळक दिसतं. वजन पेलणारा भाग, उदाहरणार्थ घोटा, असेल तर एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार आणि इपॉक्सी.

जोडायच्या भागांत रंग घासतो तो खुंटीच्या तोंडाशी. मनगट खोबणीत घट्ट जात असेल तर दाबू नका. आत साचलेला रंग बारीक सॅंडपेपरने काढा. खोक्यात परत ठेवताना चकचकीत भाग आणि फोम यांच्यामध्ये मऊ टिश्यू घाला, नाहीतर काही महिन्यांनी केपवर फोमची नक्षी उमटलेली सापडेल.