मिसिंग मारणारी गाडी आणि ढेपेचं पोतं

दसरा झाला, सोयाबीन घरात आलं आणि त्याच आठवड्यात गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन चालता चालता अडखळायला लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

गाडी २०१७ सालची, सेकंडहँड घेतलेली, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची. आमचं गाव दारव्ह्यापासून ९ किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता नावालाच डांबरी. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, गावाबाहेर पडेपर्यंत लोण्यासारखी चालायची. मग त्या खड्ड्यांच्या पट्ट्यात अचानक थरथर. पिकअप गायब, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. तीनातलं एक सिलिंडर बसलं की गाडी कशी हलते ते सांगायला नको, दाराच्या खिशातल्या पाण्याच्या बाटलीतसुद्धा लाटा उठतात. अन् दोन मिनिटांनी सगळं आपोआप ठीक.

गॅरेजवाल्यापुढे नेली की गाडी अगदी गुणाची. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कॉइलचा पूर्ण सेट टाकून घ्या भाऊ, सात-आठ हजारात काम होऊन जाते." कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, दर सिलिंडरला एक. कापूस अजून बोंडात होता, सोयाबीनचे पैसे पेरणीच्या उधारीत गेले होते. अंदाजावर आठ हजार टाकायची माझी तयारी नव्हती.

लुकलुकणारा दिवा मात्र हलक्यात घेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं, तर तो तापून खराब होतो, आणि तो भाग कॉइलच्या सेटपेक्षाही महाग पडतो. दिवा लुकलुकला की मी ॲक्सिलरेटर सोडून हळू चालवायचो.

पहिली चूक मी स्वतःच केली. काही न तपासता तीन नवे स्पार्क प्लग आणले, ४८० रुपये. जुने काढले तर तिन्हींची टोकं फिकट तपकिरी, म्हणजे चांगली. तरी नवे बसवले, आणल्यासारखे. काही फरक पडला नाही.

मग ६५० रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. १ एप्रिल २०१७ पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-४ नियम लागू झाले, त्यात ओबीडी आलंच, आणि माझी गाडी त्यानंतरची, त्यामुळे स्टेअरिंगखाली स्कॅनर लावायचं सॉकेट असणार याची खात्री होती. मोबाइलवर फुकटचं ॲप घेतलं. कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. लगेच कोड पुसायची घाई केली नाही हे बरं झालं, कारण त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची नोंद. त्यात होतं: वेग ३४, आरपीएम १८००, इंजिनाचं पाणी ८८ अंश. चढ नाही, ओव्हरटेक नाही, गाडी आरामात चाललेली. इंजिनावर जोर पडतो तेव्हाच हे होत असतं तर कॉइलवर माझा संशय बळावला असता.

मनात आणखी एक शंका होती. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यात पडणाऱ्या फरकावरून गाडीचा कॉम्प्युटर मिसफायर ओळखतो, आणि खराब रस्त्याच्या धक्क्यांनीही तो कधी कधी फसतो. पण माझ्या बुडाखालची थरथर काही फसवी नव्हती.

कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. तो पार्ट शोधायची फुकटातली युक्ती म्हणजे अदलाबदल. दोन नंबरची कॉइल तीनवर टाकली, तीनची दोनवर. १० नंबरचा एक पाना, दहा मिनिटं. कोड पुसला, त्याच रस्त्यावर फिरून आलो. कॉइल खराब असती तर कोड पी ०३०३ यायला हवा होता. आला पुन्हा पी ०३०२. आठ हजार तिथंच वाचले.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा गाडी मिसिंग मारतच होती. तशीच बंद केली. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे जाऊ शकतात, म्हणून तासभर थांबलो. दोन नंबरचा प्लग काढून नाकाशी धरला: कोरडा. ठिणगी पडत नसती तर तो पेट्रोलनं ओला निघाला असता. म्हणजे ठिणगीचा प्रश्नच नव्हता, पेट्रोलच पोचत नव्हतं.

पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं सॉकेट काढून मल्टिमीटर लावला. तिन्ही इंजेक्टर १२ ते १३ ओहमच्या आत. विजेच्या बाजूनं इंजेक्टर धडधाकट. इथं मी अडकलो.

अडलेलं काम बाबांनी पुढं नेलं. विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी वीस वर्षं सांभाळलं आहे, गाडीच्या बॉनेटमध्ये मात्र ते कधी डोकावत नाहीत. त्या रात्री टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "मोठा स्क्रू ड्रायव्हर घे. टोक त्याच्यावर टेकव, मूठ कानाले लाव. आवाज कुठं खुंटते ते आयक." गळ्यातला दुपट्टा काढून ठेवला, नाहीतर फिरत्या पट्ट्यात जातो, आणि इंजिन सुरू करून ऐकायला लागलो. एक नंबरचा इंजेक्टर: टिकटिक, शिलाई मशीनसारखी. तीन नंबर: तशीच. दोन नंबरवर टेकवून बाबांना म्हटलं, "बाबा, त्या वायरी जरा हलवा बरं." त्यांनी इंजेक्टरकडून मागे जाणारी वायरिंगची जुडी लाकडी काडीनं हलवली. टिकटिक थांबली. गाडी थरथरली. सोडली, टिकटिक सुरू.

"थांबा, पुन्हा तिथंच!"

पुन्हा थांबली.

गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि जुडीवरची काळी टेप सोलली. आत एका वायरीचं प्लास्टिक बोटभर गायब, कडेला बारीक दातांच्या खुणा, तांबं हिरवं पडलेलं. शाबूत तारा दोन, फार तर तीन. खड्ड्यात हादरा बसला की तेवढ्याही सुटायच्या, पुन्हा टेकायच्या. कुरतडलेल्या जागी दोन-चार सरकीची टरफलं चिकटलेली होती.

गाडी आम्ही कोठ्याच्या एका कोपऱ्यात लावतो. सोयाबीनचं कुटार आणि ढेपेची (सरकीच्या पेंडेची) पोती यंदा त्याच कोपऱ्यात रचली होती. रात्री इंजिन गरम, बाजूला खायला ढेप. उंदराला आणखी काय पाहिजे?

गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडून सोल्डरिंग गन आणली. हिरवा भाग कापून टाकला, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा झाळला, वर हीट श्रिंकची नळी चढवली. नुसती पीळ मारून टेप गुंडाळली असती तर इंजिनाच्या उष्णतेनं गोंद वितळून महिन्याभरात तेच झालं असतं. सामान ७० रुपयांचं. कोड पुसून त्याच पट्ट्यात चार फेऱ्या मारल्या, नंतर यवतमाळला जाऊन आलो. पी ०३०२ परत आला नाही.

स्कॅनर ६५०, सामान ७०, आणि माझ्या उतावळेपणाचे प्लग ४८०. एकूण १२००. ढेपेची पोती दुसऱ्या दिवशीच पलीकडच्या भिंतीला हलवली, बॉनेटखाली रात्री एक पिंजरा ठेवायला लागलो, आणि सकाळी निघताना तो काढायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच पिंजऱ्याला अडकवतो. जुने तीन प्लग मी फेकणार होतो. बाबांनी ते पुसून खिळ्यांच्या डब्यात ठेवले.