तुम्ही विचारलंत म्हणून: झिलाचं तीन अक्षरी नाव

बारसं जवळ आलं की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांतून एकच विचारणा होते: मुलासाठी तीन अक्षरी, वेगळं, चांगल्या अर्थाचं नाव सांगा, आणि ‘आरव’ कसं वाटतं? एकदाच सविस्तर सांगते.

अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. म्हणून अर्णव, भार्गव, श्रीधर तीन अक्षरीच.

‘आरव म्हणजे शांत’ हे कुठून आलं कोण जाणे. शब्द ‘रु’ धातूचा. अर्थ आवाज, आरोळी. ‘अनय’ तर मी कुणालाच सुचवत नाही. नय म्हणजे नीती, ती नसणं म्हणजे अनय. नावांच्या याद्यांत मात्र पुढे ‘अतुलनीय’ छापतात. सावंतवाडी मुलखात जन्मलेल्या वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा संस्कृत कोश इंटरनेटवर फुकट मिळतो. नाव पक्कं करण्याआधी त्यात बघा. पूर्वी आरव ऐकलं की मी सरळ नको म्हणायचे. आता वाटतं, बाळाचा पहिला टाहो आठवून कुणी ते ठेवलं तर चुकलं कुठे? पण ‘शांत’ समजून ठेवलेलं मला अजूनही पटत नाही.

समुद्राचं हवं असेल तर अर्णव घ्या. संध्यावंदनातल्या अघमर्षण सूक्तात ‘समुद्रो अर्णवः’ येतं. वरुण नारळी पौर्णिमेचा देव. सारंग दोन घरचा: संस्कृतात हरीण, चातक; दर्यासारंग म्हणजे आरमाराचा प्रमुख, त्यातला सारंग फारसी ‘सरहंग’वरून, म्हणजे नायक. भार्गव म्हणजे भृगुकुळातला, अर्थात चिपळूणजवळच्या डोंगरावरचा आपला परशुराम.

आणि मंगेश. हे नाव सुचवलं की उत्तर ठरलेलं: ‘जुनाट वाटतं.’ मला ते लागतं. कथा अशी की कुशस्थळीला वाघ पाहून घाबरलेल्या पार्वतीच्या तोंडून ‘त्राहि मां गिरीश’ (शंकरा, मला वाचव) निघालं, त्यातलं ‘मां गिरीश’ पुढे मांगीश, मंगेश झालं. कुशस्थळी म्हणजे आजचं गोव्यातलं कुठ्ठाळी, जुवारी नदीकाठी. पोर्तुगीज अंमलात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा 1560 साली भक्तांनी लिंग तिथून हलवून पलीकडे फोंड्याच्या बाजूला प्रियोळला नेलं. तो भाग तेव्हा पोर्तुगिजांच्या राज्याबाहेर होता. जुनं देऊळ गेलं, गाव सुटलं. देवाचं नाव तेवढं बदललं नाही. घरोघरच्या मुलांना ते ठेवत राहिले म्हणून ते कारवारपासून मुंबईपर्यंत पोचलं. जुनाट? असेल. मला मात्र याच्या तोडीचं तीन अक्षरी नाव सापडलेलं नाही, आणि तुमची पसंती बदलेल असंही वाटत नाही.

जन्मनक्षत्राच्या चरणावरून पत्रिकेत येणाऱ्या अक्षरावर अडू नका. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतं, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. त्यांवरून नाव कुठलं काढणार? या अक्षरावरून काढलेलं नावरस नाव पत्रिकेत राहू द्या, हाक मारायचं वेगळं ठेवा.

जन्माची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करा, नाव ठरलं नसलं तरी. नोंदीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इंग्रजी स्पेलिंग मात्र त्याच वेळी कागदावर लिहून द्या. अर्णवच्या शेवटी एक जादा ‘ए’ जन्मदाखल्यावर चढला आणि आधारवर नसला, की शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तो निस्तरत बसावं लागतं.